मामासासरे आणि बांधलेला लांडगा

छापलेला मजकूर अर्धा सोडणारा माणूस नरकात जातो, यावर माझ्या मामासासऱ्यांचा जेवढा विश्वास आहे तेवढा खुद्द यमाचाही नसेल. मामासासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. राहणार कुंभार पिंपळगाव, जिल्हा जालना. जनावरांच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं मलमपट्टी करून निवृत्त झालेले. उंची सहा फूट आणि आवाज असा, की हळू बोलले तरी गोठ्यातली म्हैस कान टवकारते. औषधाच्या खोक्यात तो पातळ घडीचा कागद येतो ना, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांचा, तो हा माणूस पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, तोही मोठ्यानं, आणि तेवढ्यात गोळी घ्यायची वेळ टळून जाते. एकदा मामींना सडकून ताप भरला होता. मामा कागद घेऊन बसले. ते दुष्परिणामांपर्यंत पोचले तोवर मामींचा ताप आपसूक उतरला आणि त्या भाकऱ्या टाकायला उठल्या. ‘पाह्यलं? वाचल्याचा गुण,’ असं वर मामाच म्हणाले.

याचं मूळ पोथीत आहे. मामांचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. आजा, बाप, चुलते सगळे रानोमाळ. घरात अक्षर आलं ते मामांच्या पायानं. त्यामुळे श्रावणात देवळात पोथी वाचायचा मान त्यांच्याकडे आला. पोथीचे नियम कडक. एकदा लावली की समाप्ती झाल्याशिवाय सोडायची नाही, अध्याय चालू असताना उठायचं नाही, आणि समाप्ती होईपर्यंत गावाची वेस ओलांडायची नाही. बाकीचं गाव हे नियम पोथीपुरते पाळतं. मामांनी ते छापखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कागदाला लावले. हातात पुस्तक आलं की ते लाल खारव्यात गुंडाळायचं, पोथीच्या लाकडी ठवणीवर ठेवायचं, उदबत्ती लावायची, खुणेला मोरपीस घालायचं, आणि पुस्तक संपलं की घरात गूळ-खोबरं वाटायचं. खारवा माझ्याकडूनच जातो. मी जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानात आहे; कापड सोडून इतर कुठल्याही विषयावर मला दोन वाक्यं धड जोडता येत नाहीत, असं माझी बायको चारचौघांत सांगते.

मामांच्या थोरल्या मुलीच्या साखरपुड्याला पाहुणे मांडवात येऊन बसले आणि मुलीचा बाप दिसेना. बाप माडीवर नव्या पाण्याच्या मोटारीचं माहितीपुस्तक लावून बसलेला. मराठी संपलं, हिंदी संपलं. पुढं कानडी, तेलुगू, तमिळ होतं. मी वर जाऊन म्हटलं, ‘मामा, हे तर तुम्हाला येतच नाही.’ बोट ओळीवर ठेवूनच म्हणाले, ‘येत न्हाई तर न्हाई. अक्षरावरून नजर तर गेली पाह्यजे बराबर.’ खाली व्याही फेटा काढून निघायच्या बेतात होते. तेवढ्यात मामा उतरले आणि त्यांनी पहिलं काम काय केलं, तर व्याह्यांच्या हातावर गूळ-खोबरं ठेवलं. व्याह्यांना वाटलं, इकडची रीत असेल. लग्न सुखरूप झालं.

हा हट्ट कशापायी, असं कुणी विचारलं तर मामा विषय बदलत. म्हशीच्या खुराबद्दल बोलू लागत. मामींनाही ठाऊक नव्हतं. ‘मपल्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली जावई, पण ह्या माणसाच्या पोटात काय हाय ते मला बी कळू दिलं न्हाई,’ असं त्या म्हणायच्या. मला मात्र तो नुसता हट्ट कधी वाटला नाही. मजकुराची शेवटची चार पानं उरली की मामांच्या कपाळावर घाम यायचा आणि समाप्ती झाली की ते दाराकडे एकदा बघून घ्यायचे. माणूस हौसेनं असं करत नाही, भीतीनं करतो.

अशा माणसाला ती कादंबरी आणून देण्याचं पाप माझं. मामांकडे मोकळ्या हातानं जाऊ नये म्हणून जालन्यात एका पुस्तक प्रदर्शनातून सर्वांत जाड पुस्तक मी उचललं. मामा पातळ पुस्तक दोन दिवसांत संपवतात आणि मग दुकानाच्या पावत्या वाचू लागतात, म्हणून जाड. कव्हर झकास होतं: उंच उंच इमारती, त्यांच्या मधोमध एक डोळा फुटलेला म्हातारा, खांद्यावर दोन कावळे, आणि त्याच्या पायाशी साखळीनं बांधलेला भला मोठा लांडगा. मागं लिहिलं होतं, उत्तरेच्या बर्फाळ मुलखातले देव आता तुमच्या महानगरात, आणि जगाचा अंत जवळ आला आहे. कापडाच्या धंद्यात मी तीस वर्षं काढली आहेत. वरचा पदर भरजरी असला की आतलं सूत तपासून घ्यावं, हे मी गिऱ्हाइकांना शिकवतो. पुस्तक मात्र तसंच बांधून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी फोन यायला लागले. ‘जावईबापू, देव चांगले जोरदार दिसून राह्यले,’ हा पहिल्या दिवशीचा. आठवड्यानं सूर बदलला. त्या महानगरात ओडिन नावाचा एकडोळ्या देव टॅक्सी चालवत होता, थॉर नावाचा हातोडीवाला देव जिममध्ये लोकांकडून जोर काढून घेत होता, आणि दोघंही कामावरून सुटले की कॉफीच्या दुकानात बसून आपलं दुःख उगाळत होते. ‘आज बी कॉफीच,’ मामा सांगत. ‘अवो, देव हायेत का रिकामटेकडे? आठ पायाचा घोडा दाखवला त्यानं, दोनशे पानं झाली, पार्किंगमधी उभा हाय. चार पायाचं जनावर लंगडलं तर आम्ही तीन दिवस त्याच्या मागं असायचो. आठ पाय देऊन उभं करायचं म्हंजे काय?’ जगाला धरून ठेवणारं एक मोठं झाड होतं, ते लेखकानं मोबाइलचा टॉवर करून टाकलं होतं. ‘झाड म्हनतो. पान न्हाई, सावली न्हाई, खाली बसावं म्हनलं तर पत्र्याची पाटी, धोका!’

तरी मामांनी ते पुस्तक लावून धरलं होतं ते लांडग्यापायी. उत्तरेकडच्या त्या कथांत म्हणे या लांडग्याला देवांनी फसवून बांधलेलं असतं, आणि जगाच्या शेवटी तो सुटतो. कादंबरीत त्याला चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीत बांधला होता. तो कधी सुटतो याची मामा वाट पाहत होते, पण ही वाट पाहणं साधं नव्हतं. फोनवर आवाज खाली यायचा. ‘जावईबापू, आज बी लांडगा बांधेलच हाय.’ हे वाक्य ते सुटकेचा निःश्वास टाकून म्हणत की निराशेनं, ते मला समजत नसे. मी म्हणायचो, मामा, द्या सोडून, भिकार पुस्तक आहे, मी दुसरं आणतो.  ते म्हणत, ‘अर्धं सोडायचं न्हाई. लांडगा असंल तर बिलकुल न्हाई.’

मग तो दिवस आला. मी आणि बायको आदल्या दिवशीच पिंपळगावला गेलो होतो. सकाळी चहा झाला, मामा आतल्या खोलीत ठवणीपुढं बसले. दहाच्या सुमारास मामींनी हाक मारली ती नेहमीसारखी नव्हती. आत गेलो तर मामा मांडी घालून ताठ बसलेले, चेहरा राखेसारखा, सदरा घामानं अंगाला चिकटलेला. उजव्या हाताचं बोट ओळीवर होतं. डावा हात मांडीवर नुसता पडला होता. गावातले डॉक्टर पाच मिनिटांत आले. त्यांनी छातीला नळी लावली, जिभेखाली गोळी ठेवली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘हार्टचंच आहे. वाट पाहू नका, मिळेल ती गाडी करा आणि जालना गाठा. एकेक मिनिट महत्त्वाचं आहे.’ शेजारचा जीपवाला धावत गेला आणि जीप दारात आणून उभी केली. आम्ही मामांच्या काखेत हात घातले. मामा उठेनात.

‘किती पानं हायेत?’ मामांनी विचारलं. मी बघितलं. पन्नासेक पानं राहिली होती. ‘मंग समाप्ती झाल्याबिगर वेस वलांडायची न्हाई.’ पाणी मागावं इतक्या शांतपणे म्हणाले. मामी रडकुंडीला आल्या. ‘आवो, ही काय पोथी हाय का? कॉफी पिणाऱ्या देवायची गोष्ट हाय! तिच्यासाठी जीव देता का?’ माझी बायको पायाशी बसली, म्हणाली, ‘मामा, तुमच्या पाया पडते, जल्दी उठा.’ डॉक्टर घड्याळ बघत ओरडले. सहा फुटांचा माणूस, मनात नसेल तर चौघांनाही हलणार नाही. आणि ओढाताण केली तर छातीवर ताण यायचा. मामांचे ओठ निळे पडायला लागले होते आणि ते बोटानं पुढची ओळ शोधत होते. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. माणसाचा एवढा राग तो आपला असला तरच येतो.

सुचलं ते कसं, कुणास ठाऊक. मी म्हटलं, ‘मामा, वाचणारानंच वाचलं पाहिजे असं कुठं आहे? श्रावणात तुमचा घसा बसला की दुसरा वाचतो, तुम्ही ऐकता. पोथी थांबली तर अर्धी. चालूच राहिली तर वेस ओलांडली काय अन् न ओलांडली काय! मी वाचत चालतो, तुम्ही ऐकत चला.’ मामांनी माझ्याकडे पाहिलं. नियम मनातल्या मनात वरखाली करून पाहिला असावा. ‘मधी खंड पडायचा न्हाई,’ म्हणाले. ‘एक सबूद बी गाळायचा न्हाई.’ मी पुस्तक उचललं आणि उभ्या उभ्या वाचायला लागलो. वाचत वाचतच आम्ही त्यांना उचललं, वाचत वाचतच जीपमध्ये घातलं. डॉक्टर बघत राहिले. मामी पुढं बसल्या, मागच्या बाकावर मामांचं डोकं बायकोच्या मांडीवर, आणि त्यांच्या पायाशी मी, ठवणी गुडघ्यांवर घेऊन. वेस ओलांडली तेव्हा मी वाचत होतो, ‘ओडिनच्या एकुलत्या एका डोळ्यात महानगराचे दिवे हळूहळू विरघळत होते. त्याने कॉफीचा घोट घेतला.’

असा प्रवास दुष्मनावर येऊ नये. रस्त्याला खड्डे, जीपला घाई, ओळी डोळ्यांपुढं नाचतायत, घसा कोरडा पडलाय, आणि कादंबरीतला हातोडीवाला देव अडीच पानं आरशासमोर उभा राहून आपण कोण आहोत असा विचार करतोय. जीपवाला मागं न बघता म्हणाला, ‘पाव्हणं, अजून कॉफीच पिऊन राह्यले का ते?’ मामी म्हणाल्या, ‘तू गाडी बघ रं बाबा.’ घनसावंगी मागं पडलं. मला वाटलं, अशा अवस्थेत काय समजतंय त्यांना. मी हळूच दोन पानं एकदम उलटली. बायकोच्या मांडीवरून आवाज आला, बारीक पण स्पष्ट: ‘जावईबापू, एकडोळ्या आत्ता दुकानात व्हता. गच्चीवर कसा गेला?’ मी मुकाट्यानं पानं मागं घेतली. खरं सांगतो, त्या टोकण्यानं मला जेवढं बरं वाटलं तेवढं आयुष्यात कुणाच्या कौतुकानं वाटलेलं नाही. म्हणजे शुद्ध होती. म्हणजे ऐकू येत होतं.

अंबड सोडलं आणि टोकणं बंद झालं. मी मुद्दाम एक ओळ चुकवली. काही नाही. एक अख्खा परिच्छेद खाल्ला. काही नाही. बायको गालावर थोपटत होती, ‘मामा, डोळे उघडा ना, मामा.’ श्वास चालू होता पण फार वरवरचा, आणि माझ्या गुडघ्याला टेकलेला त्यांचा पाय जड झाला होता. जालना अजून चांगलं अर्ध्या तासावर. मी पानावर पाहिलं. त्यावर लिहिलं होतं, ‘त्याने कॉफीचा दुसरा घोट घेतला आणि खिडकीबाहेर पाहिले.’ कुठं तरी सुखात बसलेल्या त्या लेखकाला मी मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या की त्या इथं लिहिता येत नाहीत. चारशे पानांत तुला एक लांडगा सोडता आला नाही? हा माणूस इथं त्याच्यासाठी जागा राहिलाय! आणि मग पानावरची नजर न काढता, त्याच वाचायच्या सुरात, मी मोठ्यानं म्हणालो, ‘आणि लांडग्याने साखळी तोडली.’

मामांनी एक डोळा उघडला.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर मला रडू आलं असतं. ‘लांडगा चौदा मजले उतरून रस्त्यावर आला. तो बदामी रंगाचा होता.’ कापडवाल्याला दुसरा रंग सुचणार तरी कोणता? ‘लांडगा बदामी नसतो,’ मामांचे ओठ हलले. ‘वाळल्या गवताच्या रंगाचा. पुढं बसला तरी दिसत न्हाई.’ मी म्हटलं, ‘वाळल्या गवताच्या रंगाचा होता. तो महानगर सोडून पळाला. नद्या ओलांडल्या, डोंगर ओलांडले, आणि पळत पळत आपल्या मुलखात आला. समोर माळावर मेंढरं बसली होती. भोवती जाळ्याची वाघूर लावली होती. लांडगा वाऱ्यासंगं झपाट्यानं पुढं आला.’ ‘न्हाई!’ मामांचा हात हलला. ‘वाऱ्यासंगं येत न्हाई. वारं जिकडं जाऊन राह्यलं, तिकडून येतो तो. म्हंजे मेंढराला वास लागत न्हाई. त्या दिशी बी तसाच आल्ता.’

‘कोणत्या दिवशी, मामा?’ बायकोनं विचारलं. आणि बेचाळीस वर्षांत मामींना जे ऐकायला मिळालं नव्हतं ते मामा त्या हादरत्या जीपमध्ये तुटक तुटक सांगू लागले. ‘नऊ वर्साचा व्हतो मी. बापाला लई हौस. माझ्याकून पोथी वाचून घ्यायचा, रानात, मेंढरापाशी बसवून. गावात तंबूतला सिनेमा आल्ता. मी अध्याय अर्धा ठिवला अन् पळालो. बाप बी मला हुडकत मागं आला. सांजंला लांडगा पडला. सात मेंढरं.’ श्वास घेतला. ‘बाप मला बोलला न्हाई. मारलं बी न्हाई. निसती पोथी झाकून ठिवली. ते मारलं असतं तर बरं व्हतं.’ पुढं मामी तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. जीपवाल्यानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

जालन्यात दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं. दोघातिघांनी मामांना उचललं तसा त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं. एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. ‘मेंढराला हात लावला का त्यानं?’ डॉक्टर म्हणत होते, सोडा, सोडा. मी पुस्तक उघडंच धरलं आणि शेवटचं वाचलं. ‘नाही. वाघुरीच्या आत एक पोरगं पोथी वाचत बसलं होतं. लांडगा जवळ आला तरी ते उठलं नाही. गावात सिनेमा होता तरी उठलं नाही. लांडगा खाली बसला, त्यानं अध्याय पुरा होईपर्यंत ऐकलं, आणि एकाही मेंढराला न शिवता तो निघून गेला.’ मामा माझ्याकडे बघत राहिले. ‘छापेल हाय?’ आयुष्यात मी गिऱ्हाइकाला कापडाच्या रंगाबद्दलसुद्धा खोटं सांगितलेलं नाही. म्हटलं, ‘छापलंय, मामा.’ त्यांनी माझं मनगट सोडलं, दोन्ही हात जोडले, ‘समाप्ती’ म्हणाले, आणि दारं मिटली.

दीड तास आम्ही बाहेर बसलो होतो. मामी जप करत होत्या. बायकोनं माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, मोरपिसाचं पान उघडलं, वाचलं, आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं. ‘कॉफीच पितायत की हो,’ म्हणाली. पुस्तक संपायला अकरा पानं राहिली होती. मग डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, ‘वेळेत आणलंत.’

मामा बरे होऊन गावी गेले, आणि पुस्तकही गेलं. मी ते लपवायचं ठरवलं होतं, पण मामींनी आवराआवर करताना खारव्यात बांधून पिशवीत टाकलं. त्यानंतरचे दोन महिने मी फोन वाजला की दचकायचो. आज ना उद्या मामा ते उघडणार, लांडगा बाल्कनीतच बांधलेला पाहणार, आणि मेंढरं पुन्हा एकदा जाणार. ते फोनवर तब्येतीचं बोलायचे, पावसाचं बोलायचे. पुस्तकाचं अवाक्षर नाही. शेवटी मीच धीर करून पिंपळगावला गेलो. मामींनी मला दारातच गाठलं. डोळे भरून आले होते. ‘जावई, ह्यायनी वाचायचं सोडलंय. पेपर येतो, तसाच भाकरीच्या दुरडीखाली जातो. औषधाचा कागद बी वाचत न्हाईत. बेचाळीस वर्षं मी कावले त्या आवाजाला, अन् आता घर कसं मुकं झालंय बघा.’

आत ठवणीवर पुस्तक होतं. लाल खारवा उघडा, मोरपीस त्याच पानात. मामा शेजारी बसले होते, हात रिकामे. त्या रिकाम्या हातांकडं मला बघवेना. मी म्हटलं, ‘मामा, मी खोटं बोललो.’ ‘म्हायती हाय,’ ते म्हणाले. ‘घरी आलो त्याच दिशी पीस काढून पाह्यलं. कॉफी दिसली. झाकलं.’ मग हसले. ‘छापेल असतं तर बदामी लांडगा छापला असता का कुनी?’ मी म्हटलं, ‘मग ती अकरा पानं वाचून मोकळे व्हा की. नवीन पुस्तक लावता येईल. मी आणतो, पाहिजे तेवढी आणतो.’ मामांनी मान हलवली. ‘त्या अकरा पानांत त्यानं लांडग्याचं काय केलं ते मला बघायचं न्हाई. माझी समाप्ती झाली ती झाली. पन नियमानं ही पोथी अर्धीच हाय, अन् अर्धी ठिवून नवी लावता येत न्हाई. ऱ्हाऊ द्या. एकदा अर्धी ठिवली तवा मेंढरं गेली. ही अर्धी ठिवली तर बापाची मेंढरं जित्ती हायेत.’ छापील कागदाशिवाय ज्याला घास उतरत नव्हता त्यानं जगातली सगळी पुस्तकं सोडली, ती सात मेंढरांसाठी, तीही माझ्यासारख्या कापडवाल्यानं जीपमध्ये जुळवलेल्या. मला तिथं काय वाटलं ते मी आजतागायत बायकोलाही नीट सांगू शकलेलो नाही. मी त्यांचे पाय धरले. जावयानं पाय धरलेले पाहून मामीच गडबडल्या.

निघताना मामा म्हणाले, ‘मेंढरं सोडून गेला, मंग गेला कुठं तो लांडगा?’ मी काहीतरी सांगितलं. तेव्हापासून दर भेटीत हाच प्रश्न असतो, आणि दर भेटीत मला पुढचं सांगावं लागतं. दुकानात गिऱ्हाइकापुढं थान उलगडताना मी लांडग्याचा विचार करत असतो. बायको आता चारचौघांत म्हणते, ह्यांना कापड सोडून एक विषय येतो. लांडगा कधी सातपुड्यात असतो, कधी नर्मदेवर पाणी पितो, कधी एखाद्या माळावर आठ पायांच्या घोड्याशी त्याची गाठ पडते. तो घोडा मी पार्किंगमधून सोडवला, त्या दिवशी मामांनी गूळ-खोबरं वाटलं.

गेल्या रविवारी गेलो होतो. मामा फार वाळलेत. अंगरखा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबतो, आणि आवाजाला आता म्हैस कान टवकारत नाही. ओट्यावर बाजेवर पडून होते. मी बसलो तसा त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग विचारलं, ‘कुठवर आला?’ मी त्याच रस्त्यानं आलो होतो, त्यामुळे घनसावंगी हे नाव अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. म्हटलं, ‘लांब आहे, मामा. पार विंध्याच्या पलीकडं. तंगडी धरलीये त्याची, चालवत नाही.’ मामांनी तर्जनी जिभेला लावून ओली केली, वर धरली, डोळे बारीक करून वारा पाहिला. ‘वारं बी तिकडूनच आपल्या अंगावर येऊन राह्यलं,’ म्हणाले. ‘मंग आज न्हाई येत. च्या घिऊन जावा, जावईबापू.’ मी त्या दिवशी दोन कप प्यालो आणि अंधार पडायच्या आत घरी निघालो नाही.